शिराझला पाजलेलं पाणी

कारभारी तात्यांकडे माणसं यायची ती द्राक्षं पाहायला, तात्यांना पाहायला नव्हे, असं त्यांच्या पत्नी चतुराबाई चारचौघांत सांगायच्या आणि तात्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. निफाड तालुक्याच्या वरच्या अंगाला, पिंपळगावाहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा मळा. जाणारा-येणारा शेतकरी मोटारसायकल बाजूला घ्यायचा, तारेच्या कुंपणापाशी उभा राहून घड निरखायचा आणि मान हलवत पुढं जायचा. मणी फुगवण्यात तात्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पाणी कधी सोडायचं, घडातले कोणते मणी काढून टाकायचे, उरलेल्यांना औषधात कधी बुडवायचं, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. मणी सुपारीएवढा झाला तरी त्यांचं समाधान होत नसे.

अशा माणसाच्या बांधावर जिल्ह्यातली सगळ्यात बारीक द्राक्षं लागावीत, याला काय म्हणावं? पण लागली होती खरी, आणि लावली होती सख्ख्या सुनेनं.

सायली सटाण्याकडची. शेतकी कॉलेजात शिकलेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं सासऱ्यांकडे रस्त्याकडेचा तुकडा मागितला. तिथं तात्यांची खायच्या थॉमसन द्राक्षांची जुनी बाग होती, म्हातारी झालेली. सायलीला त्या जागी शिराझ लावायची होती. काळी द्राक्षं, लाल वाईनची. तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, माझ्या रानात दारूची द्राक्षं नकोत. ती पुन्हा काही बोलली नाही. मात्र दर ऑक्टोबरात छाटणीला तात्यांच्या मागोमाग कात्री घेऊन उभी राहिली, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे बागेत शेकोट्या पेटवायलाही तीच पुढं. तात्यांचा मुलगा रविराज हंगामभर द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसला अडकलेला असायचा. डोळ्यांत तेल घालून बाग सांभाळणारं घरात आपल्यानंतर कोण, याचं उत्तर तात्यांना हळूहळू मिळालं. जुन्या खोडांना कुऱ्हाड लावायची वेळ आली तेव्हा ते आपणहून म्हणाले, "लाव तुला काय लावायचं ते." त्या दिवशी ते जेवले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

शिराझला पहिला बहर आला तेव्हा सायलीनं त्यांना समजावून सांगितलं होतं. वाईनचा रंग, वास, कस सगळा सालीत असतो, आत नुसता रस. मणी जितका बारीक तितकी साल जास्त आणि रस कमी. आपल्याकडचं दिवसाचं कडक ऊन, रात्रीचा गारवा आणि ही मुरमाड जमीन, यांत शिराझ अशी काळी होते की थंड मुलखातल्या लोकांनी पाहत राहावं. तिची वाईन दाट होते, वासाला मिऱ्यासारखी, जिभेला घट्ट धरणारी. पण त्यासाठी काढणीच्या आधी पाणी तोडावं लागतं, बागेला तहानेला ठेवावं लागतं. तात्यांनी मान डोलावली होती. मात्र तात्यांचं मान डोलावणं आणि तात्यांना पटणं, या दोहोंत बरंच अंतर असे.

तसं घरात त्यांना तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायची पद्धतच नव्हती. रविराज विषय बदलायचा. चतुराबाई भांड्यांशी बोलायच्या. सायली गप्प बसायची आणि तिला करायचं ते करायची.

पहिली दोन वर्षं तिची द्राक्षं वायनरीच्या मोठ्या टाकीत गेली. तिथं सगळ्या शेतकऱ्यांचा माल एकत्र पडतो, कुणाचा कुठला कळत नाही. यंदा जानेवारीत वायनरीत वाईन करणाऱ्या तृप्ती मॅडम स्वतः मळ्यात आल्या. गाडीतून उतरल्या त्या थेट बागेत शिरल्या, मणी तोंडात टाकून साल चावत राहिल्या, बिया हातावर काढून पाहिल्या. त्यांची बोटं जांभळी झाली होती. जाताना म्हणाल्या, शेवटपर्यंत माल असाच राहिला तर या तुकड्याची वाईन लहान टाकीत वेगळी करू, वेगळ्या बाटलीत भरू आणि बाटलीवर तुझ्या मळ्याचं नाव घालू. मॅडमची गाडी रस्त्याला लागेपर्यंत सायली फाटकात उभी होती. मग घरात येऊन तिनं ही गोष्ट आधी सासूला सांगितली, मग फोनवर नवऱ्याला, मग सटाण्याला आईला अहिराणीत, आणि शेवटी तात्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तात्यांना बाटलीचं सोयरसुतक नव्हतं. पण या पोरीला इतकं हसताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि लहान टाकी म्हणजे काहीतरी मोठी गोष्ट असली पाहिजे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

फेब्रुवारीत काढणी आठवड्यावर आली असताना सायलीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. सायलीला सटाण्याला जाणं भाग होतं. निघताना तिनं पिशवी खाली ठेवून तात्यांना सांगितलं, शिराझचा पाण्याचा कॉक बंदच राहू द्या. पानं माना टाकतील, मणी सुरकुततील, काळजी करू नका, मला तसंच हवंय. तात्या म्हणाले, बरं.

आणि ते खरंच काही करणार नव्हते. पण दुसऱ्याच दिवशी शिवारफेरी आली.

शिवारफेरी म्हणजे द्राक्षवाल्यांनी एकमेकांच्या बागा पाहत हिंडायचं. वरवर शिकायला, आतून खोड्या काढायला. शेजारच्या मळ्यात पंधरावीस जण आले होते, ते परतताना तात्यांच्या रस्त्याकडेच्या रांजणापाशी थांबले. हा रांजण तात्यांचा. चैत्रात वणीच्या देवीला पायी जाणाऱ्या लोकांसाठी ते दरवर्षी पाणपोई घालायचे. यंदा ऊन लवकर तापलं म्हणून रांजण माघातच भरून ठेवला होता. तात्या हातानं एकेकाला तांब्या देत होते. लोक पाणी पीत होते, आणि त्यांच्या पाठीमागे शिराझची बाग उभी होती. पानं लोंबलेली. मणी करवंदापेक्षाही बारीक, वर सुरकुत्या पडलेल्या.

गोटीराम तात्यांचा जुना जोडीदार. द्राक्षातही आणि टिंगलीतही. त्यानं तांब्या रिकामा करून परत दिला, मिशा पुसल्या आणि बागेकडे पाहिलं.

"तात्या," तो म्हणाला, "बाग सोडून दिली का काय?"

कुणी मोठ्यानं हसलं नाही. हसले असते तर तात्यांनी चार शिव्या हासडून विषय मिटवला असता. पण सगळे कसनुसे होऊन दुसरीकडे पाहू लागले, आजारी माणसाच्या घरी गेल्यावर पाहतात तसे. तात्या पुटपुटले की वाईनची द्राक्षं अशीच असतात. ते त्यांनाच खरं वाटलं नाही. मंडळी गेल्यावर ते हातात तांब्या घेऊन तिथंच उभे राहिले. वाटेनं जाणाऱ्या कोण कुठल्या माणसाला बोलावून पाणी पाजायचं आणि आपल्या हातची वेल दाराशी तहानेनं मरू द्यायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पोरगी शिकलेली आहे, हुशार आहे, पण पुस्तकात वाचून वेलीची तहान कळत नाही. ती येईपर्यंत बाग वाळून गेली तर लहान टाकीत काय घालणार, काड्या? पोरीचं नुकसान आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या मनात खरोखर याखेरीज काही नव्हतं. थोडा गोटीराम होता, पण थोडाच.

मळ्यात पाण्याचं पाहणारा पुंजा पेठकडचा, बऱ्याच वर्षांपासूनचा. त्यानं कॉकपाशी निघालेल्या तात्यांना आठवण करून दिली, "ताईनी नको सांगेल हाय ना, तात्या?"

"ताईला मी सांगतो," तात्या म्हणाले.

मग त्यांनी पाणी दिलं, आणि करायचं ते अर्धवट करायचं हा त्यांचा स्वभावच नव्हता. आधी सगळ्या ओळी फिरून ठिबकच्या नळ्या तपासल्या. ज्या तोट्या तुंबल्या होत्या त्या सुईनं साफ केल्या. टोकाच्या ओळींना दाब कमी मिळतो, त्यांना वेळ वाढवून दिला. लागोपाठ तीन दिवस पाणी चाललं. दुसऱ्या दिवशी पानांनी माना वर काढल्या. तिसऱ्या दिवशी मणी गोल झाले, चौथ्या दिवशी चकाकू लागले. तात्यांनी फोन करून गोटीरामला बोलावलं. गोटीराम आणखी चौघांना घेऊन आला. घड हातात तोलून म्हणाला, आता कशी कारभारीची बाग वाटते. तात्यांनी 'त्यात काय' असा चेहरा केला आणि सगळ्यांना चहा पाजला.

सायली परत आली तेव्हा ते फाटकातच उभे होते. तिला पिशवीसुद्धा घरात ठेवू दिली नाही, थेट बागेत नेलं. "बघ," ते म्हणाले, "जाणार होती बाग. वाचवली."

सायलीनं एक घड पाहिला. दुसऱ्या ओळीत जाऊन दुसरा पाहिला. एक मणी तोडून बोटांत चिरडला. पातळ रस मनगटापर्यंत ओघळला आणि बोटांवर नावाला रंग लागला. तिनं पिशवीतून गोडी मोजायचं यंत्र काढलं, काचेवर थेंब टाकला, डोळ्याला लावून पाहिलं. काच पुसून पुन्हा पाहिलं. ती गेली तेव्हा आकडा चोविसाच्या पुढे होता. आता बाविसाच्याही खाली उतरला होता. काही घडांत मणी तडकायला लागले होते.

"छान दिसताय घड, तात्या," ती म्हणाली आणि घराकडे गेली.

तात्या तिथंच उभे राहिले. कौतुक तर केलं, मग असं कोरडं का वाटलं, ते त्यांना कळेना. थोड्या वेळानं ते घरात आले तर सून दिसली नाही, आणि चतुराबाई मोरीत पातेली घासत होत्या. घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"दुधात पाणी घातलं तर गवळ्याला लोक शिव्या देतात," चतुराबाई पातेल्याला म्हणाल्या. "द्राक्षात घातलं तर काय म्हणायचं, देव जाणे. तिकडं गोठ्यामागं बसून पोरगी रडतीय."

तात्या ओट्यावर टेकले. वाईनची गोष्ट त्यांना सतरांदा सांगून झाली होती. साल आणि रस, रस आणि साल. त्यांनी प्रत्येक वेळी मान डोलावली होती. आज ती एका झटक्यात त्यांना कळली. पोरीनं आणि उन्हानं मिळून चार महिने खपून जे दाट केलं होतं, ते आपण तीन दिवसांत पातळ केलं. तेही ती बजावून गेलेली असताना, आणि वर चहा पाजून. त्यांना इतकं वाईट वाटलं की गोठ्यामागं जायलाही पाय उचलेनात.

पाणी पुन्हा आटेपर्यंत थांबायची सोय राहिली नव्हती. आभाळ भरून येत होतं, तडकलेले मणी सडायला लागले असते. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका लावून माल खुडला. तात्या खाली मान घालून क्रेट भरत राहिले. पिकअप भरून झाली आणि सायली चाक धरून बसली तेव्हा दुसऱ्या दारातून तात्या आत शिरले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. वायनरीच्या फाटकात आजवर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. "चल," ते म्हणाले.

वायनरी दिंडोरीच्या रस्त्यावर, टेकडीच्या अंगाला. हंगाम ऐन भरात होता. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीनं उभे होते, आत उंच उंच स्टीलच्या टाक्या, आणि सगळीकडे आंबूस गोड वास. तात्यांनी नकळत गळ्यातल्या माळेला हात लावला. तृप्ती मॅडम गमबूट घालून ओळीतल्या एकेका गाडीपाशी येत होत्या. सायलीच्या गाडीपाशी आल्या, वरच्या क्रेटमधला घड उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"कॉक लीक होता, मॅडम," सायली म्हणाली. "मी गावाला गेले होते. परत आल्यावर कळलं."

तात्या गाडीच्या मागं उभे होते. त्यांना आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग कळलं. पोरीनं आपल्यावर पांघरूण घातलं होतं. मन आधी भरून आलं. लेकीनंही केलं नसतं एवढं सुनेनं केलं. पण तेवढ्यात मॅडम पुढं बोलू लागल्या.

त्या रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, लीक असेल तर मोठ्या टाकीतच घालू. कॉक गळला म्हणजे काही वेलींना भरपूर पाणी मिळालं असणार, काही कोरड्या राहिल्या असणार. कुठला मणी फुगलेला, कुठला सुकलेला, त्या मिसळीचं लहान टाकीत मी काहीच करू शकत नाही. मग घड परत क्रेटमध्ये ठेवत म्हणाल्या, "सायली, शेवटच्या आठवड्यात बाग अशी सोडून जाशील असं वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षीही मोठ्या टाकीचंच धरून चल."

सायली म्हणाली, हो मॅडम. मोठ्या टाकीच्या तोंडाशी माणसं तिचे क्रेट उतरवायला पुढं आली.

तात्यांनी तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. गावात नाव तसंच राहिलं असतं. गोटीरामनं पुढच्या वर्षी पुन्हा येऊन मणी तोलला असता. ओळीतल्या गाड्यांवर ओळखीची चार माणसं होती, त्यातली दोघं त्यांच्याच गावची. हे सगळं तात्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगा. पण पोर मान खाली घालून उभी होती. तिनं न केलेल्या चुकीपायी तिची लहान टाकी जात होती, आणि ती आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला झाकायला एवढं सगळं देऊन बसली होती. तात्यांना ते सोसलं नाही.

"लीक नव्हतं, मॅडम," ते मोठ्यानं म्हणाले. "पाणी मी दिलं. ती नको सांगून गेल्ती, तरी दिलं."

सायली वळली. "तात्या, राहू द्या."

"नाय, कळू दे." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाग तहानेली दिसली, म्हणून दिलं. लोक हसले, म्हणूनही दिलं. पोरीची काय चूक नाय."

मॅडमनी विचारलं, किती दिलं, कसं दिलं. तात्यांनी सांगायला सुरुवात केली. तोट्या सुईनं साफ केल्या, एकूण एक ओळ तपासली, टोकाच्या वेलींना दाब कमी म्हणून वेळ वाढवला. एका वेलीला घोटभर कमी नाही की जास्त नाही, असं ते म्हणाले, आणि एवढ्या शरमेतही आवाजात थोडा ताठा आलाच. जित्याची खोड, कुठं जाणार?

मॅडमनी हात वर करून क्रेट उतरवणाऱ्यांना थांबवलं. मग गाडीतल्या वेगवेगळ्या क्रेटमधले मणी काढायला लावले, वरचे, तळाचे, रस्त्याकडच्या ओळींचे, आतल्या ओळींचे. एकेकाचा रस यंत्राच्या काचेवर ठेवून पाहिला. आकडा सगळीकडे जवळपास तोच. मॅडम आता हसत होत्या.

"सगळी बाग एकसारखी बिघडवलीय यांनी," त्या सायलीला म्हणाल्या. "एकसारखं बिघडलेलं सुधारता येतं."

आणि त्यांनी सांगितलं ते तात्यांना पहिल्या झटक्यात कळलं. द्राक्षं भरडून सालीसकट टाकीत घालायची. रंग सालीतून रसात उतरायला दिवस लागतात. त्याआधी, पहिल्या काही तासांतच, टाकीच्या खालच्या तोटीतून थोडा रस काढून घ्यायचा. साल तेवढीच राहते, रस कमी होतो. म्हणजे मणी बारीक असता तर जे झालं असतं तेच. गोडी थोडी कमी राहील, वाईनचा जोर थोडा कमी येईल, पण रंग आणि कस आपला मिळेल. मात्र माल एकसारखा असेल तरच किती काढायचं याचा अंदाज बांधता येतो. माल लहान टाकीत घ्या, असं त्या माणसांना म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

सायलीनं ओढणीनं तोंड पुसलं. तात्यांकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

दुपार टळल्यावर मॅडमनी दोघांना लहान टाकीपाशी बोलावलं आणि तोटी उघडली. गुलाबी रस बादलीत पडू लागला. एक बादली भरली, दुसरी लावली. सायलीचा हात तोटीकडे गेला. जेवढा रस जाईल तेवढी वाईन कमी, बाटल्या कमी. बास करूया का, असं तिनं मॅडमना विचारलं. मॅडम काही म्हणायच्या आत तात्या म्हणाले, "अजून काढ." आणखी एक बादली झाली. सायलीनं पुन्हा पाहिलं. "अजून," तात्या म्हणाले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात घडातला मणी गळाला तरी हळहळ केली, तो तिथं उभा राहून बादल्यांमागून बादल्या ओतू देत होता. शेवटी मॅडमच म्हणाल्या, तात्या, आता पुरे, सगळीच काढाल.

त्यांनी पेल्यात थोडा रस घेऊन तात्यांपुढं धरला. हा नुसता रस, म्हणाल्या, अजून वाईन झालेला नाही, तुमच्या माळेला चालेल. तात्यांनी तो सावकाश प्यायला. कसा लागला ते सांगितलं नाही. याचं पुढं काय करणार, एवढं विचारलं. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या टाकीत घालून गुलाबी वाईन करू. तात्यांनी मानेनं नको म्हटलं नाही, पण एक कॅनभर आपल्याला द्या म्हणाले. मॅडमनी दिला, आणि बजावलं की संध्याकाळच्या आत संपवा, उद्या आंबायला लागेल.

गावात पिकअप शिरली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. दूध डेअरीसमोरच्या पारावर नेहमीची मंडळी बसली होती, मध्ये गोटीराम. तात्यांनी सायलीला गाडी थांबवायला सांगितली. कॅन उतरवला, डेअरीतून पेले मागून आणले आणि एकेकाच्या हातात देऊन भरले. कुणाला काही कळेना.

"कसला म्हणायचा हा रस?" गोटीरामनं विचारलं.

"तुम्ही परवा येऊन ज्या घडांची वाहवा केली ना, ते घड मी बिघडवले व्हते," तात्या म्हणाले. "सूनबाई पाणी नको सांगून गेल्ती. तू म्हणाला बाग सोडून दिली का, म्हणून मी पाणी सोडलं. तिची बाग बरोबर व्हती, आपण सगळे चूक. ते पाणी आज तिकडं काढावं लागलं. प्या."

कारभारी तात्यांनी द्राक्षाच्या बाबतीत स्वतःला चूक म्हणावं, हे गावानं आजवर ऐकलं नव्हतं. एकदोघांनी गाडीकडे पाहिलं, जिथं सायली चाकामागं बसली होती. मग गोटीरामनं पेला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"चूक तर लय गोड हाय," तो म्हणाला. "अजून घाल."

सगळे हसले, आणि तात्याही हसले. मग त्यांनी एक पेला भरला आणि तो घेऊन गाडीपाशी गेले. सायलीनं काच खाली केली. दोघं एकमेकांशी सकाळपासून धड बोलली नव्हती. तात्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण त्यांनी नुसता पेला पुढं केला.

सायलीनं एक घोट तोंडात धरला, वायनरीत धरतात तसा, आणि गिळला. पारावरची मंडळी कान देऊन होती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, या खेपेस सरळ डोळ्यांत.

"पाणचट आहे, तात्या," ती म्हणाली.

ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्यांना असं तोंडावर सांगितलं होतं. तात्यांचे डोळे भरून आले. सकाळी तिनं आपल्यासाठी खोटं बोलून जे दिलं त्यापेक्षा हे त्यांना जास्त हवं होतं. त्यांनी तिच्या हातातला पेला घेतला आणि टोपी सरळ केली.

"व्हय," ते म्हणाले, "मलाबी तसाच लागला."